थंडी न सोसणे : स्त्रियांची एक तक्रार आणि तिची तपासणी

आजूबाजूच्या माणसांना जे तापमान सुसह्य वाटते, त्याच तापमानात एखादी व्यक्ती काकडू लागते, तिचे हातपाय गार पडतात किंवा बोटे पांढरी होऊन दुखतात. वैद्यकीय परिभाषेत याला शीत-असहिष्णुता म्हणतात. घरात त्यालाच ‘थंडी सोसत नाही’, ‘गारठा बाधतो’, ‘एसी लागतो’ असे म्हटले जाते. हा स्वतंत्र रोग नाही, लक्षण आहे, आणि तेही बरेच ढोबळ. तापाआधी भरणारी हुडहुडी यात येत नाही. ती हिवताप किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गासारख्या आजाराची असते आणि काही तासांत ओसरते. येथे विचार आहे तो महिनोन्महिने, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या तक्रारीचा. ती सांगणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य असतात, आणि बहुधा त्यामुळेच ती स्वभावाचा भाग समजून सोडून दिली जाते. पंख्याच्या रेग्युलेटरवरून घरोघरी होणारी कुरबुर विनोदाचा विषय होते. तिचा दवाखान्यातल्या केसपेपरशी काही संबंध असू शकतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ही तक्रार तीन रूपांत येते, आणि ती वेगळी ओळखणे ही तपासणीची पहिली पायरी आहे. काही स्त्रियांना सगळ्या अंगाला थंडी वाजते. काहींची फक्त हातापायांची बोटे गार पडतात, रंग बदलतात, ठणकतात. क्वचित काहींच्या अंगावर गार वारा किंवा गार पाणी लागताच गांधी उठतात. याच्या अगदी उलट अवस्थाही असते : थंड-गरम कळेनासे होणे. मधुमेहाने मज्जातंतू खराब झाले, किंवा कुष्ठरोगाचा चट्टा असला, म्हणजे असे होते. त्याची तपासणी वेगळी आहे. पण ‘पायांना काहीतरी होतं’ एवढ्या मोघम वाक्यात दोन्ही तक्रारी लपू शकतात.

मुंबईच्या उपनगरांत थंडीच्या तक्रारीचा अभ्यास करणे वरवर विचित्र वाटेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सियस आहे, आणि ते २२ जानेवारी १९६२ चे. एरवी जानेवारीतली पहाटही सोळा-सतरा अंशांच्या आसपास असते. बोरिवली आणि मुलुंडच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलामुळे रात्री थोड्या अधिक गार होतात, इतकेच. या शहरातली खरी थंडी यंत्रांनी तयार केलेली आहे. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-वसाहतीत १९७३ पासून आधी इलेक्ट्रॉनिक्सची आणि पुढे दागिन्यांची निर्यात-युनिटे आली आणि हजारो स्त्रिया बंद, थंड शेडमध्ये बसून काम करू लागल्या. मालाड, पवई, मुलुंडची कार्यालये आणि कॉल सेंटरे त्यानंतरची. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली, आणि पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. नोकरी करणाऱ्या बाईचा थंड हवेतला काळ आता घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत पसरला आहे. वर्सोव्याच्या कोळणी मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून बर्फात हात घालून मासळी निवडत, सोलत, विकत आल्या आहेत. त्यांच्या बोटांच्या दुखण्याला कधी कोणी ‘व्यावसायिक आजार’ म्हटले नाही.

हिवाळा जवळजवळ नसलेल्या गावात तपासणाऱ्याची एक सोय होते. काश्मीरमध्ये किंवा युरोपात सगळ्यांनाच थंडी वाजत असल्याने कोणाची तक्रार अवाजवी, हे ठरवणे अवघड जाते. एप्रिलच्या दुपारी घामेजलेल्या डब्यात जिला ओढणी कानाभोवती गुंडाळावीशी वाटते, तिच्याबाबत असा संशय उरत नाही. तिची तक्रार हवेची नाही.

मुळात निरोगी स्त्रीलाही पुरुषापेक्षा थंडी अधिक का जाणवते? शरीरातली उष्णता मुख्यतः स्नायू, यकृत आणि इतर कार्यरत अवयवांतून निर्माण होते आणि त्वचेतून बाहेर जाते. सरासरी स्त्रीचा बांधा लहान आणि स्नायूंचे प्रमाण कमी, म्हणून स्वस्थ बसलेली असताना तिची उष्णतानिर्मिती कमी असते. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मात्र जास्त. त्वचेखालच्या चरबीने आतली ऊब टिकते, पण तिच्यामुळेच बाहेरची त्वचा गार राहते. आतले तापमान सांभाळण्यासाठी हातापायांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, आणि हे आकसणे स्त्रियांत अधिक जोराने होते. त्यात इस्ट्रोजेनचा वाटा आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या यूटा येथील संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये मोजमापे प्रसिद्ध केली. स्त्रियांचे हात पुरुषांच्या हातांपेक्षा दीड अंशाच्या आसपास गार होते, पण त्यांच्या शरीराच्या आतले तापमान किंचित अधिकच होते. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात हे आतले तापमान आणखी ०.३ ते ०.५ अंशाने चढते, आणि चढलेले तापमान राखू पाहणाऱ्या शरीराला बाहेरची हवा अधिक गार वाटते. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा निघून गेल्या की पाठोपाठ शिरशिरी येते, तीही याच हिशेबातली. गारवा ओळखणारा त्वचेतल्या चेतातंतूंवरचा ग्राहक, टीआरपीएम-८, २००२ मध्ये सापडला. तो शोधणाऱ्या दोन गटांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूशन यांना स्पर्श व तापमानाच्या जाणिवेवरील कामासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुदिन्याने तोंड गार वाटते ते याच ग्राहकामुळे.

कार्यालयांच्या तापमानाचे प्रकरण याला जोडूनच येते. इमारतींतल्या ‘सुखद’ तापमानाचे जागतिक मापदंड डेन्मार्कचे ओले फांगर यांनी १९६० च्या दशकात केलेल्या कामावर उभे आहेत. त्यात माणसाच्या उष्णतानिर्मितीचा जो आकडा धरला जातो, तो साधारण चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. बोरिस किंग्मा आणि वाउटर व्हान मार्कन लिख्टनबेल्ट या डच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की स्त्रियांच्या बाबतीत हा आकडा ३५ टक्क्यांपर्यंत फुगवलेला ठरू शकतो. भारतात त्यात आणखी भर पडली. उष्ण हवेला सरावलेल्या माणसांची कार्यालये थंड प्रदेशाच्या मापांनी गारठवली गेली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय कार्यालयांचे सर्वेक्षण करून देशी मापदंड तयार झाला आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला जागा मिळाली. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते. तो निर्णय विजेच्या बचतीसाठी होता, बायकांच्या सोयीसाठी नव्हे. रिमोट ज्याच्या हाती त्याने अठरा केले की तो निर्णय तेथेच संपतो.

तेव्हा तक्रारींतला मोठा भाग बाईच्या शरीराचा नसून खोलीचा असतो, आणि हा भाग वजा केल्याशिवाय पुढची तपासणी सुरूच होऊ नये. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. थंडी कार्यालयातच वाजते की घरीही, सुटीच्या दिवशीही? शेजारच्या खुर्चीवरच्या इतर बायकांनाही वाजते का? लहानपणापासून आहे, की गेल्या वर्ष-दोन वर्षांत सुरू झाली? जन्मापासूनची आणि न वाढलेली तक्रार बहुधा प्रकृतीची असते. चरकसंहितेच्या विमानस्थानात वातप्रकृतीच्या वर्णनात थंडी न सोसण्याचा उल्लेख आहे. म्हणजे असा मनुष्यप्रकार फार पूर्वीपासून ओळखीचा आहे. नव्याने उद्भवलेली, वाढत जाणारी आणि घरीही पाठ न सोडणारी थंडी मात्र कारण शोधायला लावते.

त्या कारणांत सर्वाधिक प्रसिद्ध आहे थायरॉइड ग्रंथीचे मंदावणे. थायरॉइडचे संप्रेरक जवळजवळ प्रत्येक पेशीतल्या उष्णतानिर्मितीचा वेग ठरवते. ते कमी पडले की थंडी वाजते, वजन वाढते, बद्धकोष्ठ होते, आवाज जाड होतो, पाळी अंगावर जास्त जाते, हालचाली आणि विचार मंदावतात. या आजाराचा इतिहास स्त्रियांपासूनच सुरू होतो. लंडनच्या सर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांत दिसणारी एक विलक्षण सुस्त, सुजलेली अवस्था वर्णन केली. विल्यम ऑर्ड यांनी तिला मिक्सिडीमा हे नाव दिले. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईला टोचला. त्या उपचारावर ती आणखी अठ्ठावीस वर्षे जगली. १९१२ मध्ये जपानचे हाकारू हाशिमोतो यांनी ग्रंथीचा जो दाह वर्णिला, त्यांचे चारही रुग्ण स्त्रियाच होत्या. आज शहरांत थायरॉइड मंदावण्याचे मुख्य कारण हाशिमोतोंच्या नावाचा हाच दाह आहे : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते.

भारतात या ग्रंथीचा विचार दीर्घकाळ आयोडीनपुरताच होत राहिला, आणि त्याला कारणही होते. कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाचा गुण सिद्ध झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. साध्या मिठाच्या विक्रीवरची देशव्यापी बंदी २००० मध्ये उठली, २००६ मध्ये पुन्हा लागली. मुंबईत १९६३ मध्ये परळला सुरू झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने थायरॉइडच्या रुग्णांवर दीर्घकाळ काम केले. किनाऱ्यावरच्या या शहरात आयोडीनची वाण हा मुख्य प्रश्न उरलेला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई व गोव्यासह आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइड मंदावलेले आढळले. स्त्रियांतले प्रमाण पुरुषांच्या तिप्पट होते, आणि किनारी शहरांत एकूण प्रमाण आतल्या शहरांपेक्षा काहीसे कमी होते.

एवढे वाचल्यावर कोणीही म्हणेल की थंडी वाजणाऱ्या प्रत्येक बाईची टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक) चाचणी करावी आणि प्रश्न मिटवावा. इथेच एक अडचण आहे, आणि या विषयातली सर्वांत उद्बोधक गोष्टही तीच आहे. रक्तचाचण्या सहज मिळत नव्हत्या त्या काळात, १९६९ मध्ये, बिलेविक्झ आणि सहकाऱ्यांनी लक्षणांना गुण देऊन थायरॉइडचे निदान करण्याची पद्धत बसवली. तिच्यात थंडी न सोसणे हे एक लक्षण होते. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या झुलेव्हस्की आणि सहकाऱ्यांनी तीच पद्धत आधुनिक रक्तचाचण्यांच्या कसोटीवर पुन्हा तपासली. थंडी न सोसणे आणि नाडीचा वेग ही दोन लक्षणे त्यांना गुणपत्रकातून काढून टाकावी लागली, कारण थायरॉइड निरोगी असलेल्या पुष्कळ स्त्रियाही थंडीची तक्रार करीत होत्या आणि ग्रंथी मंदावलेल्या पुष्कळ जणी करीत नव्हत्या. कोरडी खरखरीत त्वचा, डोळ्यांभोवतीची सूज, घोट्याच्या स्नायूची सावकाश सैल पडणारी प्रतिक्षिप्त क्रिया ही लक्षणे अधिक विश्वासाची निघाली. पाठ्यपुस्तकांत पहिल्या ओळीत छापले जाणारे लक्षण निवडीच्या कामाला सर्वांत कच्चे ठरावे, याची आठवण ‘थायरॉइड शिबिरा’चे फलक लावणाऱ्यांनी ठेवायला हरकत नाही.

दुसरे कारण थायरॉइडपेक्षा कमी चर्चेचे, पण महाराष्ट्रात त्याहून कितीतरी अधिक पसरलेले आहे : रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय होता, महाराष्ट्रात ५४.२ टक्के, आणि चौथ्या फेरीपेक्षा हा आकडा वाढलेला होता. लोह कमी पडल्यावर थंडी का वाजते, याचा उलगडा १९८० आणि ९० च्या दशकांत झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे जॉन बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी रक्तक्षय असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांना २८ अंशांच्या पाण्यात बसवून मोजमापे घेतली. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे आतले तापमान अधिक खाली गेले, शरीराने ऑक्सिजन कमी वापरला आणि थायरॉइडची संप्रेरकेही कमी भरली. लोह दिल्यावर यातला काही बिघाड सुधारला. म्हणजे लोहाचा अभाव दोन बाजूंनी काम करतो. रक्त ऑक्सिजन कमी वाहते, आणि थायरॉइडचे इंधनही मंद जळते. रक्तक्षय आणि मंद थायरॉइड एकाच बाईत असणे मुळीच दुर्मीळ नाही. थायरॉइडमुळे पाळीत रक्त जास्त जाते, रक्त गेल्याने लोह घटते, आणि दोन्हींची थंडी एकात एक मिसळून जाते.

हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या वर आहे म्हणून लोह पुरेसे आहे असेही नाही. शरीरातला साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन मागाहून उतरते. साठा कळतो फेरिटिनवरून, आणि निरोगी प्रौढ व्यक्तीत १५ मायक्रोग्रॅमखालचे फेरिटिन म्हणजे लोहाचा अभाव, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पाळी जास्त जाणारी, चहावर दिवस काढणारी, आठवड्याला दोन उपास करणारी उपनगरातली नोकरदार बाई या मधल्या अवस्थेत वर्षानुवर्षे राहू शकते. हट्टाने वजन उतरवणाऱ्या मुलींनाही थंडी वाजते. उपासमारीत शरीर टी-३ हे संप्रेरक मुद्दाम कमी करून ऊर्जा वाचवत असते.

तिसरे कारण क्वचित आढळते, पण ते चुकले तर जिवावर बेतते. बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला की मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी रक्ताविना मरते. गरोदरपणात ती आकाराने वाढलेली असल्याने तिला हा धोका अधिक. ग्लासगो येथे काम करणारे हॅरॉल्ड शीहन यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले. प्रगत देशांत हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. काश्मीरमधल्या झरगर आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या पाहणीत मात्र बाळंतपण झालेल्या, वीस वर्षांवरील स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के आढळले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींची बाळंतपणे घरी झालेली होती. मुंबईत आज बाळंतपणे रुग्णालयांत होतात. पण उपनगरांच्या वस्त्यांत राहणाऱ्या कितीतरी मध्यमवयीन स्त्रियांची मुले गावी, घरीच जन्मलेली आहेत. या आजाराची खूण बाईच्याच आठवणीत असते : बाळंतपणात फार अंगावर गेले, नंतर दूध आले नाही, पाळी परत सुरू झाली नाही. पुढे दहा-वीस वर्षे थकवा, फिकटपणा आणि थंडी. टीएसएच येथे फसवते. थायरॉइडला हुकूम देणारी ग्रंथीच मेलेली असल्याने टीएसएच वाढत नाही. अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि बाईला घरी पाठवले जाते. तिच्यात अधिवृक्क ग्रंथीही थंडावलेली असते. आधी त्या ग्रंथीचे संप्रेरक, कॉर्टिसोल, न देता नुसती थायरॉइडची गोळी सुरू केली, तर ते संकट ओढवून घेण्यासारखे ठरते.

बोटांची तक्रार हा वेगळाच प्रांत आहे. पॅरिसच्या मॉरिस रेनो यांनी १८६२ च्या आपल्या प्रबंधात थंडीने किंवा मानसिक ताणाने बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होण्याचा प्रकार वर्णन केला. हा त्रास स्त्रियांत अधिक दिसतो. ज्यांना तो विशी-पंचविशीच्या आत सुरू होतो, दोन्ही हातांना सारखा होतो आणि बोटांना जखमा होत नाहीत, त्यांच्यात तो बहुधा निरुपद्रवी असतो. तिशीनंतर सुरू झालेला, एका हाताला जास्त, ठणका आणि टोकाला व्रण असलेला त्रास मात्र स्क्लेरोडर्मा, ल्युपस यांसारख्या संधिवाताच्या कुळातल्या आजारांचा आगाऊ इशारा असू शकतो. स्क्लेरोडर्मात तो दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत असतो आणि कातडी ताठरण्याच्या कित्येक वर्षे आधी येतो. थंडीची तक्रार चाळणी म्हणून खरोखर उपयोगी पडते ती इथे. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या निदानपद्धतीत पहिला प्रश्नच हा आहे : तुमच्या बोटांना थंडी नेहमीपेक्षा जास्त बाधते का? उत्तर ‘नाही’ आले तर विषय तेथेच संपतो. ‘हो’ आले तर रंगबदलाची विचारणा, आणि त्यानंतर इतर खुणांची मोजणी.

या पद्धतीतली रंगांची चित्रे गोऱ्या कातडीवरची आहेत. सावळ्या हातावर पांढरेपणा दिसतो तो नखांखाली, तळव्यावर आणि बोटांच्या टोकांवर. बोटांच्या पाठी पाहून काही कळत नाही. लग्नसराईत मेंदीने रंगलेल्या बोटांवर तर तेही कळत नाही. बाईला मोबाइलवर त्या क्षणाचा फोटो काढून आणायला सांगणे हा सोपा आणि पक्का उपाय आहे. करोनाच्या काळात अशा बोटांवर ऑक्सिमीटर आकडाच दाखवत नसे आणि घरात घबराट उडे. दुसऱ्या पायरीवर नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहतात. तेलाचा थेंब टाकून त्वचारोगतज्ज्ञाच्या साध्या डर्मॅटोस्कोपनेही त्यांचा फुगीरपणा किंवा तुटकपणा दिसू शकतो. जोडीला रक्तातली एएनए (स्वतःच्याच पेशींवर उलटणारी प्रतिद्रव्ये शोधणारी) चाचणी आणि सुजलेल्या बोटांची चौकशी. या तीन गोष्टी सापडल्या तर संधिवाततज्ज्ञाकडे लगेच पाठवावे. फुप्फुसे निकामी होण्याआधी आजार हाती लागतो.

या रुग्णांना तंबाखू सोडायला सांगितले जाते, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या पुष्कळ बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. प्रश्न तिच्याच नावाने विचारावा लागतो. रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे घेणाऱ्या स्त्रियांचीही बोटे गार पडतात, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांना फ्रिजमधली बाटली हातात धरवत नाही. गांधी उठणाऱ्यांसाठी चाचणी अगदी साधी आहे : कोपराखालच्या भागावर पाच मिनिटे बर्फ ठेवून पुढच्या दहा मिनिटांत गांधी उठते का ते पाहणे. ज्यांच्यात ती उठते त्यांनी थंड पाण्यात एकटीने पोहायला उतरू नये.

जपानमध्ये ‘हिएशो’ नावाने स्त्रियांची ही तक्रार स्वतंत्र अवस्था मानली जाते. तिच्यासाठी प्रश्नावल्या, हात गार पाण्यात बुडवून पुन्हा गरम व्हायला लागणाऱ्या वेळेची मोजणी, उष्णतेची छायाचित्रे अशी बरीच साधने तेथे वापरली गेली. कोरियातही असा अभ्यास आहे. या कामातून दिसलेली एक गोष्ट इथल्यांनाही उपयोगी आहे : मोजलेले तापमान आणि बाईला वाटणारी थंडी यांचा मेळ दर वेळी बसत नाही. पडद्यावर हात गार दिसणारी बाई सुखात असू शकते. म्हणून महागड्या कॅमेऱ्यांची शिबिरे उपनगरांत भरवण्यात शहाणपण नाही.

मग चाळणी-तपासणी करावी की नाही? जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये घालून दिलेल्या कसोट्या आजही वापरल्या जातात. आजार महत्त्वाचा हवा, त्याची सुप्त अवस्था ओळखता यायला हवी, चाचणी विश्वासाची आणि लोकांना पटणारी हवी, आणि सापडलेल्यांना उपचाराने फायदा व्हायला हवा. नवजात बाळाच्या टाचेचे रक्त घेऊन केलेली थायरॉइड तपासणी, जिची सुरुवात १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाली, या कसोट्यांना पुरेपूर उतरते, कारण वेळेवर दिलेली गोळी मतिमंदत्व टाळते. प्रौढ स्त्रीच्या थंडीला हे लागू होत नाही. २०१७ च्या ‘ट्रस्ट’ प्रयोगात ६५ वर्षांवरच्या, टीएसएच थोडे वाढलेल्या ७३७ लोकांपैकी निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना नकली गोळी दिली गेली. लक्षणांत फरक पडला नाही. गरोदर स्त्रियांबाबत मात्र मत वेगळे आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांत जोखीम असलेल्या गरोदर स्त्रियांची थायरॉइड तपासणी सांगितली आहे, आणि ती योग्यच आहे, कारण तेथे दुसऱ्या जिवाचाही प्रश्न असतो. एरवी, तक्रार नसलेल्या बाईला ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमधून ५.२ असा टीएसएचचा आकडा हाती देऊन जन्मभराची गोळी सुरू करणे हे आरोग्यसेवेपेक्षा प्रयोगशाळांच्या धंद्याला अधिक उपकारक आहे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत काही यंत्रांवर हा आकडाच चुकीचा येतो. चाचणीआधी दोन-तीन दिवस त्या थांबवायला सांगणारे थोडेच.

म्हणजे सरसकट चाचणी नको, सरसकट प्रश्न हवा. त्यासाठी नवे शिबिर नको. राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहिमेत अठरा वर्षांवरच्या स्त्रियांची तपासणी हाती घेतली, आणि २०२५ मध्ये ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झाले. महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडे असतात. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल ही रुग्णालये आहेतच. वजन-रक्तदाब घेताना आरोग्यसेविकेने सहा गोष्टी विचारायच्या : थंडी घरीही वाजते का, कधीपासून, बोटांचा रंग बदलतो का, पाळी किती जाते, बाळंतपणात फार रक्त गेले का आणि नंतर दूध व पाळी आली का, औषधे आणि मिश्री. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले तरच हिमोग्लोबिन, शक्यतो फेरिटिन, आणि टीएसएच. बाळंतपणाची खूण असेल तर टीएसएचच्या जोडीला टी-४ हे थायरॉइडचे संप्रेरक आणि सकाळचे कॉर्टिसोल. बोटांची खूण असेल तर नखे पाहणे.

उपचारात एक बारीक चूक फार होते, आणि ती सांगायलाच हवी. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. लोहाची गोळी तिच्याबरोबर घेतली तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर लागते, आणि लोहाच्या गोळीजवळ चहा नको. पहाटे पाचला उठून डबे भरणाऱ्या, सव्वासातची लोकल गाठणाऱ्या बाईला दोन्ही गोळ्या एकाच घोटात चहाबरोबर घेणे सोयीचे असते. महिन्या-दोन महिन्यांनी आकडे सुधारत नाहीत आणि डोस वाढवला जातो. केसपेपरवर वेळा लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी आणि त्या समजावून सांगणाऱ्या औषधविक्रेत्यांनी एवढे केले, तरी पुष्कळ स्त्रियांची थंडी कमी होईल. लिव्होथायरॉक्सिन आणि लोह-फॉलिक ॲसिड ही दोन्ही औषधे देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि दोन्ही स्वस्त आहेत.